तीन नंबरचा लाल

टोमॅटो लाल असतो, या अज्ञानातून आमच्या तालुक्याला बाहेर काढण्याचं श्रेय परदेशी सुपरमार्केटला आहे. त्यांनी काशिनाथ डुंबऱ्यांना लाल रंगाच्या सहा छटांचं कार्ड दिलं. फळ तोडायचं ते फक्त तिसऱ्या छटेचं.

डुंबऱ्यांनी कार्ड शेताच्या बांधावर खांबाला टांगलं. महिन्याभरात नवरा-बायकोला सगळीकडे तीन नंबर दिसू लागला. पहाटे धुकं विरताना विमलबाई आभाळाकडे बघत राहायच्या. "अहो, तीन झाला बघा."

"घाई नको, अजून दोनच आहे," ते म्हणायचे आणि दोघं रंग चढायची वाट बघायची.

पहिल्या तोड्याचे ऐंशी क्रेट घेऊन दोघं सुपरमार्केट कंपनीच्या खरेदी केंद्रावर गेली. साहेबानं खिशातलं कार्ड टोमॅटोला लावलं. "काका, हे सगळे दोन नंबर. परत न्या."

"तुमच्याच कार्डाला लावून तोडलेत की!" विमलबाईंनी आपलं कार्ड पुढे केलं. त्यावरचा तीन नंबर फिका पडून साहेबाच्या दोन नंबरइतका झाला होता.

साहेबानं ते उलटं केलं. मागे बारीक इंग्रजीत छापलं होतं, उन्हात ठेवू नये.