वशिला

वडील नावाजलेले कटिंग मास्टर. लेकीला शहरातल्या सगळ्यात मोठ्या बुटीकमध्ये काम मिळालं, तेव्हा तिथल्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आलं बघा वशिल्याचं तट्टू!" तिने ते हसण्यावारी नेलं. पण मालकीणबाईंनी पहिल्याच महिन्यात महागड्या कोटाचं कापड तिच्यापुढे टाकलं आणि "काप" म्हणाल्या, तेव्हा तिच्याही मनात पाल चुकचुकली. घरी विचारलं तर वडील नजर चुकवत म्हणाले, "मी कशाला कुणाला फोन करू?" झालं, तिचा संशय पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी तिने कात्री टेबलावर ठेवली.

"बाई, खरं सांगा. माझ्यासाठी बाबांचा फोन आला होता ना? तसं असेल तर मला हे काम नको."

"आला होता की. म्हणाले, तिला घेऊ नका, तिच्या हातात कसब नाही."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मग घेतलंत कशाला मला?"

बाईंनी कात्री उचलून तिच्या हातात दिली.


"मी त्यांच्या हाताखाली शिकत होते ना, तेव्हा माझ्याबद्दलही ते हेच म्हणाले होते."