कोरा सोडलेला रकाना

"सेटिंगमधला पत्त्याचा रकाना कोरा सोडला तर काय होतं, ते एका वाक्यात लिही," साईनाथ म्हणाला. "गिऱ्हाइकं विचारून हैराण करतायत. तुझी पुस्तिका म्हणते, 'योग्य पत्ता आपोआप घेतला जाईल.' योग्य म्हणजे कुणाला योग्य?"

ठाण्यात खोपटच्या त्या छोट्या कंपनीत योगिनी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायची. साईनाथने बनवलेलं हे सॉफ्टवेअर स्वयंपाकघरातल्या स्क्रीनचं होतं. घरच्यांनी मोबाइलवरून निरोप लिहायचा, तो स्क्रीनवर उमटायचा.

"कोरा सोडला की स्क्रीन सगळ्यांचं ऐकते," साईनाथने सांगितलं. "त्या वायफायवरचा कुणीही लिहू शकतो. तिचा स्वतःचा पत्ता टाकला, एकशे सत्तावीस आकड्याने सुरू होणारा, की ती फक्त स्वतःचं ऐकते. म्हणजे तिला जोडलेल्या कीबोर्डवरूनच लिहिता येतं. बाहेरचं कुणी नाही."

योगिनीचा हात थांबला. ठाकुर्लीला आईकडे तिनेच ती स्क्रीन बसवली होती. रकाना कोरा सोडून.

तिचे वडील, आनंदा, चार महिन्यांपूर्वी गेले. असताना ते फिरायला निघाले की स्क्रीनवर लिहून जायचे, 'तुळसाबाई, जेवून घ्या. वाट बघू नका.' ते गेले आणि आईने, तुळसाने, ताट वाढून घेणंच सोडलं. ब्लाउज सैल झाले. मग एका दुपारी स्क्रीनवर तेच शब्द पुन्हा आले. 'तुळसाबाई, जेवून घ्या. वाट बघू नका.' त्या दिवसापासून ती जेवू लागली.

योगिनीला आधी भीती वाटली होती. आता राग आला. आख्ख्या बिल्डिंगला एकच वायफाय, आणि खालच्या मजल्यावर शकूवहिनी, जिला शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही तोंडपाठ.

संध्याकाळी ठाकुर्लीला जाऊन योगिनीने आधी तिलाच विचारलं, बाबांच्या नावाने निरोप तुम्ही लिहिता का?

"मी?" शकूवहिनीने दारातच कमरेवर हात ठेवले. "अगं, जिवंत माणसांच्या भानगडी पुरतात मला. मेलेल्याचं सोंग कशाला घेऊ?"

शकूवहिनी खोटं बोलणार असली की आधी चहा विचारायची. आज विचारला नाही.

वर येऊन योगिनी स्क्रीनसमोर बसली.

"काय करतेयस?" तुळसाने विचारलं.

"पत्ता बदलतेय. आता बाहेरून कुणालाच लिहिता येणार नाही."

"म्हणजे निरोप बंद होतील?"

"बाहेरचं कुणी लिहीत असेल, तर होतील."

तुळसा तिच्याकडे बघत राहिली. मग हलकेच हसली. "कर बाई. तुझं तुला ठाऊक. मी काही विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात आईचा फोन आला.

"आला गं निरोप! म्हणतायत, आमटीत मीठ कमी घाला."

योगिनीने डोळे मिटले. म्हणजे कीबोर्डवरूनच. आणि घरात आई एकटी. बिचारी स्वतःच लिहिते, स्वतःच वाचते, तेव्हा कुठे तिला घास उतरतो. यावर चकार शब्द काढायचा नाही, असं तिने ठरवलं आणि पुस्तिकेत वाक्य घातलं, 'स्वतःचा पत्ता दिल्यास बाहेरून कुणीही निरोप पाठवू शकत नाही.'

"आता कसं स्वच्छ झालं!" साईनाथ म्हणाला.

रविवारी ती ठाकुर्लीला गेली. तुळसा ओट्याशी कणीक मळत होती. गाल भरले होते. योगिनीला राहवलं नाही.

"आई, एक सांगू? अगदी बाबांसारखं लिहितेस. लिहीत जा. मला काही वाटत नाही."

तुळसाचे हात परातीतच थांबले.

"मी? मला कुठे गं ते टायपिंग येतं?" ती म्हणाली. "मी तर समजत होते, तूच ठाण्याहून लिहितेस. आईने जेवावं म्हणून. म्हणून तर गप्प बसले."

योगिनीने स्क्रीनखालच्या कीबोर्डकडे पाहिलं. त्याच्यावर पिठाचा पातळ, सारखा थर बसला होता. एकाही बोटाची खूण नव्हती.

दोघी तिथेच उभ्या असताना स्क्रीन उजळली.

'आज दोघीही जेवून घ्या. सावकाश. मी वाट बघतोय.'