बढतीचे पेढे

बाभुळगावच्या खाजगी बँकेत निकिता डेप्युटी मॅनेजरची मॅनेजर झाली. टेबलावरची पाटी बदलली, वसुलीची आणखी चार गावं गळ्यात पडली आणि पगार मात्र होता तिथंच बसून राहिला. घरी येऊन तिनं पेढ्यांचा पुडा उघडला आणि नवऱ्याजवळ जराशी कुरकुर केली, तर प्रफुल्ल पेढा तोंडात टाकत म्हणाला, "पगाराचं काय घेऊन बसली वं? मान पाह्य ना, मान!"

तिच्या सासूबाई, विमलताई, सुनेच्या कौतुकानं नुसत्या फुलून गेल्या होत्या. त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि निकिताच्या हातात ठेवला.

"बँकेनं तुले मॅनेजर केलं, मंग मी काहून मागं राहू? आजपासून या घरची मालकीण तू. किराणा, दूधवाला, पाव्हणेरावळे, सकाळचा सैपाक, सारं आता तूच पाह्यजो. मी सुटली बाप्पा!"

निकिता किल्ल्यांकडे पाहतच राहिली. एका दिवसातली ही तिची दुसरी बढती होती. मग तिची नजर हळूच प्रफुल्लकडे वळली. तो आणखी एक पेढा उचलत होता.

 

"अवो," ती गोड हसून म्हणाली, "आजपासून तुमी या घरचे डेप्युटी मालक. उद्यापासून सकाळचा सैपाक तुमच्याकडे. मान पाहा ना, मान!"