छाटलेल्या शेपट्या

बाबा निवृत्त मुद्रितशोधक. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या झाडून सगळ्या फायलींची नावं 'शुद्ध' करून टाकली. टिंबापुढची जेपीजी, एमपी-थ्री असली अक्षरं फालतू वाटली, म्हणून छाटली. आता एकही फाईल उघडेना.

"अहो बाबा, त्या शेपटीवरूनच त्याला कळतं, आत फोटो आहे की आवाज!" मुलीने दारातूनच तोंड सोडलं. तिला अर्ध्या तासात निघायचं होतं.

पण नुसत्या नावावरून तिलाही पत्ता लागेना. 'आई, गच्चीवर' या फायलीला तिने फोटोची शेपटी जोडली. उघडेना. आवाजाची जोडली, तर गेलेली आई खळखळून हसली. दोघं ऐकत राहिली. मग पुढची फाईल, मग तिच्या पुढची. चहा दोनदा झाला.

कशाला कुठली शेपटी लावली ते लिहून ठेवावं म्हणून तिने पेनासाठी खण उघडला. आत बाबांच्या रेखीव अक्षरातला कागद होता. प्रत्येक फाईलचं नाव आणि समोर तिची शेपटी. एकही चूक नाही.

तिने खण हळूच लोटला.

"बाबा, हे एका दिवसाचं काम नाही हो. दर रविवारी यावं लागणार मला."