झाकलेलं बटण

मंगली अजून आली नव्हती.

बाकीच्या सगळ्या आल्या होत्या. मोहफुलांच्या टोपल्या वाटेतच टाकून, धापा टाकत, पाळणाघराच्या ओट्यावर येऊन आपापलं लेकरू छातीशी धरून बसल्या होत्या. पहाटे मोह वेचायला जाता यावं म्हणून तर त्या लेकरं नीलाबाईकडे ठेवत. नाल्याकडे वाघ दिसल्याची खबर एका गुराख्याने आणली आणि ज्याने त्याने ओरडून पुढे दिली. पण मोहाचं असं असतं, की प्रत्येक घराचं आपलं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वेचायला जात नाही. मंगलीचं झाड नाल्याच्या पलीकडे, सगळ्यांत लांब. त्यामुळे तिला हाक ऐकू गेली की नाही, कोणालाच ठाऊक नव्हतं. गावातली माणसं काठ्या घेऊन, डबे वाजवत तिकडे गेली होती.

तिचा कुलदीप तेवढा एकटाच गोधडीवर बसून वाटी आपटत होता.

नीलाबाईने पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच, संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

"खुशबू, तुया त्या अ‍ॅपात पाय ना. काही आलं का?"

खुशबू ही नीलाबाईची भाची. आरमोरीला राहून मोबाइलची अ‍ॅप बनवायला शिकली, आणि पहिलं अ‍ॅप तिने बनवलं ते मावशीच्या पाळणाघरासाठी. या मोहाच्या मोसमात ते वापरून पाहणं चालू होतं, म्हणून ती लॅपटॉप घेऊन इथेच मुक्कामाला होती. नीलाबाईने लेकराचा फोटो काढायचा, तो त्याच्या आईच्या मोबाइलवर जायचा. आईने उघडला की खाली हिरव्या अक्षरांत 'पाहिलं' असं उमटायचं. आज सकाळच्या कुलदीपच्या फोटोखाली काहीच उमटलं नव्हतं.

"नाई मावशी."

"तिले काही बोलाचं असन तर?"

आयांना उलट काही बोलता येईल अशी सोयच अ‍ॅपमध्ये नव्हती, आणि ती का नव्हती हे दोघींनाही चांगलं माहीत होतं.

सुरुवातीला होती. फोटोखाली माइकचं गोल बटण होतं. दाबायचं आणि बोलायचं. दुपारी मंगली रस्त्याच्या कामावर जायची, आणि तिथून तिने त्या बटणाला उसंत म्हणून दिली नाही. जेवला का? झोपला का? रडला का? कोनी मारलं का? जेवला का, हे तर ती दर घटकेला विचारायची. शेवटी नीलाबाई वैतागली. "हे बटन काढ बाप्पा पयले. मी लेकरं पाहू का हिले जबाब देत बसू?" खुशबूने मावशीचं ऐकलं. मात्र बटण काढलं नाही, नुसतं झाकून ठेवलं.

"मीच काढाले लावलं," नीलाबाई म्हणाली. "लेकराची खबर आईले भेटते. आईची खबर मले कोन देईन?"

खुशबूने लॅपटॉप उघडून आयांच्या मोबाइलवरचं झाकलेलं बटण पुन्हा उघडं केलं. त्याने होणार काय होतं? जंगलात रेंज नाही ती नाहीच. पण हातावर हात ठेवून बसणं तिला सहन होईना.

दूरवर डबे वाजत होते. मग तेही थांबले. नीलाबाईने कुलदीपला उचलून कडेवर घेतलं. त्याच्या हातातली वाटी काढून घ्यायचंही तिला सुचलं नाही, आणि तो ती तिच्या खांद्यावर आपटत राहिला.

"मावशी!" खुशबू एकदम ओरडली. "पाहिलं! फोटो पाहिला!"

हिरवी अक्षरं आली होती खरी. पण मोबाइल कोणालाही सापडू शकतो, कोणीही उघडू शकतो. हे नीलाबाईच्या मनात आलं आणि तिने कुलदीपला आणखी घट्ट धरलं.

तेवढ्यात लॅपटॉप टुण्णकन वाजला, आणि मंगलीचा खणखणीत आवाज ओट्यावर घुमला.

"वो नीलाबाई, पोरगं उन्हात काऊन बसवलं? टोपी कुठी हाये त्याची? थैलीत देल्ली होती ना म्या!"

कोणी हसलं, कोणी रडलं. नीलाबाईने दोन्ही केलं. असं झापून घेताना इतकं बरं तिला जन्मात वाटलं नव्हतं. आईचा आवाज ओळखून कुलदीप वाटी सोडून लॅपटॉपवर झेपावला, त्याला खुशबूने कसंबसं आवरलं.

दुसरा निरोप आला. "मी झाडावर चढून बसली होती. आता पार शेंड्यावर गेली, त इथी रेंज हाये वो! तो गेला पल्याड. आपले मान्सं आले खाली, आता उतरून राह्यली."

बायकांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. कोणी पाणी आणलं, कोणी टोपी शोधायला धावलं. टोपी थैलीतच होती.

आणि तिसरा निरोप आला. "जेवला का तो?"

"कुठी दाबाचं?" नीलाबाईने खुशबूला विचारलं. खुशबूने दाखवलं. पदराने नाक पुसून नीलाबाई त्या गोल बटणावर वाकली.

"जेवला वो माय, जेवला. आंबील प्याला, आता वाटी बी खाऊन राह्यला. तू इचार. दिवसभर इचारत राय."