नाहीची चौकट

चौथ्या पानावर रवळू आप्पांचं पेन थांबलं. आधीच्या तीन पानांवर त्यांनी कुरिअरवाल्याच्या कागदावर करतात तशा सह्या ठोकल्या होत्या, एक अक्षर न वाचता.

"ह्ये काय इचारलंय?"

समोर बसलेल्या प्रज्ञेशनं मराठीत सांगितलं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या या वर्कशॉपमध्ये तांब्याच्या पट्ट्यांवर कथलाचा मुलामा चढायचा आणि पट्ट्या बेंगळुरूच्या एका कंपनीला जायच्या. प्रज्ञेश त्या कंपनीचा माणूस, मूळचा निपाणीचा. कंपनीचं परदेशी गिऱ्हाईक आता विचारू लागलं होतं, की हे कथील कुठल्या खाणीतलं, तिथं मारामाऱ्या नाहीत ना, बंदुकीच्या धाकानं माणसं राबवत नाहीत ना. ते सगळं पहिल्या पानावर उरकलं होतं. चौथं पान खुद्द वर्कशॉपचं, आणि मालकानंच स्वतःच्या हातानं भरायचं. प्रश्न एकच होता. तुमचं युनिट आहे त्या भागावरून काही वाद किंवा संघर्ष चालू आहे का? खाली दोन चौकटी, होय आणि नाही.

"वाद?" आप्पा म्हणाले. "बेळगावात?"

रूपालीनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. वर्कशॉप चालवायची ती, आप्पा कागदोपत्री मालक. बापाला ओळखून तिनं हे पान आधी बघून ठेवायला हवं होतं. एक नोव्हेंबरला, सीमाभागातल्या काळ्या दिवशी, हा माणूस शटर उघडू देत नसे आणि बायांचा पगारही कापू देत नसे. बाहेरच्या पाटीवर नियमाप्रमाणे कन्नड वर, मोठ्या अक्षरात. खालच्या बारीक मराठी ओळीला मात्र दरवर्षी आप्पा स्वतः शिडीवर चढून रंग देत. रूपाली दोन्ही खर्च 'आप्पा' या एकाच नावाखाली लिहायची.

"त्यांला लढाई म्हणायचीया, आप्पा. आपलं कोर्टातलं सीमेचं भांडाण न्हाय."

"ते कळतंय गं मला. पण वाद हाय का, असं इचारलंय. बंदुका किती हायत ते कुठं इचारलंय?"

प्रज्ञेशनं सबुरीनं समजावलं. होयवर खूण झाली तर फाइल परदेशात जाणार. चौकशी होईपर्यंत माल बंद, तोवर पट्ट्या होसूरचा दुसरा कारखाना करणार. एकदा तिकडं गेलेलं काम परत आलेलं त्यानं तरी बघितलं नव्हतं. हे शेवटचं त्यानं टेबलाकडं बघत सांगितलं.

काचेपलीकडं बाया टाकीवर पट्ट्या टांगत होत्या. हे काम गेलं तर एक टाकी थंड, आणि टाकी थंड म्हणजे निम्म्या बाया घरी. सगळ्यात शेवटी लागलेली जयाबाई सगळ्यात आधी जाणार. रूपालीचा हिशेब तिथंच अडला, कारण जयाबाई नेमकी काचेतून तिच्याकडं बघून हसली.

आप्पांनी प्रज्ञेशला विचारलं, "सायेब, तुम्ही निपाणीचं. तुमच्या घरात काय म्हणत्यात?"

"घरात व्हय म्हणत्यात, अण्णा," प्रज्ञेश म्हणाला. "हापिसात न्हाय म्हणतो मी."

आप्पा खो खो हसले आणि पेन खाली ठेवलं. जन्मभर व्हय म्हणत आलो, म्हणाले. उद्या हा कागद कुणी आमच्या बेळगुंदीच्या पारावर वाचून दाखवला तर गावात तोंड कुठं दाखवू?

आता रूपालीचा तोल गेला.

"एवढी खऱ्याची चाड हाय, तर पयल्या पानावर का न्हाय थांबला? कथील जिथनं येतंय ते गाव बघितलंय तुमी? तिथं काय भांडाण न्हाय म्हणून सही ठोकून मोकळं झालासा."

आप्पांनी पानं मागं उलटली आणि पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं, की हे न्हाय कुणी सांगितलं? मुंबईच्या व्यापाऱ्यानं, प्रज्ञेश म्हणाला. त्यानं खाण बघितली होती का? नव्हती, त्याला कथील गाळणाऱ्या कारखान्यानं लिहून दिलं होतं. आणि कारखान्याला? खाणीवरच्या कुणीतरी. त्या कुणीतरीपुढं प्रज्ञेशकडंही नाव नव्हतं.

आप्पांनी चष्मा पुसला. पेन उचलून चौथ्या पानावर नाहीच्या चौकटीत खूण केली, खाली सही केली आणि कागद लेकीकडं सरकवला.

"घे. तिकडंबी असाच एक म्हातारा बसला असंल," ते म्हणाले. "आन त्याची लेक म्हणली असंल, आप्पा, न्हाय लिवा."

ते उठले आणि टाकीकडं गेले. काचेपलीकडं त्यांनी जयाबाईला काहीतरी सांगितलं, ती पुन्हा हसली.

"शिक्का तेवढा, आक्का," प्रज्ञेश बॅगेची चेन उघडत म्हणाला.

रूपालीनं शिक्का पॅडवर दाबला. पहिलं पान वर आलं होतं. त्यावर खाणीच्या गावाचं नाव होतं; कालच तिनं व्यापाऱ्याच्या पत्रावरून एकेक अक्षर बघून ते उतरवलं होतं. शिक्का हातात तसाच धरून तिनं ते नाव पहिल्यांदा तोंडानं म्हणून बघितलं. जमलं नाही. तिनं पुन्हा म्हणून बघितलं.