मिराशींचं किट

चाचणीच्या प्लेटमधले सगळे नमुने पिवळेधमक झाले आणि मृणालिनीला सहा वर्षांत प्रथमच समाधान वाटलं.

रक्तातलं प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन मोजणारी ही चाचणी तिने बसवली होती. सहा वर्षांपूर्वी डॉ. मिराशींनी ती स्वतःच्या नावावर छापून तिलाच प्रयोगशाळेतून हाकललं. आता ती सरकारी तपासणी विभागात होती आणि त्याच चाचणीचं त्यांचं किट मंजुरीसाठी तिच्याकडे आलं होतं. संधिवाताच्या रुग्णात प्रथिन नसलं तरी ते रंग दाखवतं, हे तिला ठाऊक होतं. तिने नेमके अशाच रुग्णांच्या रक्ताचे नमुने घेतले होते.

तिने मिराशींना फोन लावून निकाल सांगितला.

“हा दोष तुला आधीच माहीत होता?”

“हो, सर.”

“मग सांगितला का नाहीस?”

“सांगायलाच आले होते. तुम्ही शिपायाकरवी बाहेर काढलंत.”

मृणालिनीने फोन चालूच ठेवला. अहवालावर ‘नामंजूर’चा शिक्का आपटल्याचा आवाज त्यांना ऐकू जायला हवा होता.